आवाज नमुना : येते

सामान माणशी सहा किलो. कारण विचारू नये.

"हॅलो... हॅलो... चेक. मागच्यांना येतंय का ऐकू?"

सिंधुबाई म्हणाल्या, "जातं दळायचं असतं. बोलायचं नसतं."

पहिल्या पानावरचा मथळा, काळ्या ठळक अक्षरांत : पृथ्वीवर जीवन राहणार नाही.

स्टेजवर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या. शेवटचं लग्न लागून सात महिने झाले होते.

प्रकार : प-२.

पाऊस पडला. वास आला नाही.

◆

सिंधुबाई म्हणजे माझी आई. मूळची नामपूरची. लग्न होऊन नाशकात आली त्याला तीस वर्षं झाली, पण जिभेवरची अहिराणी काही उतरली नाही. मी तेजस्विनी. इंदिरानगरात वाढले, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. त्यामुळे पृथ्वीला काय झालंय ते मला पेपरवाल्यांच्या आधी कळलं. शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून माती आणायचे आणि तिच्यात जिवंत असं काही सापडायचंच नाही. आधी द्राक्षबागा वाळल्या. मग कांद्याचं बी रुजेना. मग कुठलंच बी, कुठल्याच देशात.

साठवलेलं धान्य आहे तोवर निघायचं ठरलं. चंद्राच्या पलीकडे एक भलंमोठं जहाज तयार उभं होतं, ते सगळ्यांना नव्या घरी नेणार होतं. तिथवर पोचवायला लहान यानं. आमच्या केंद्राच्या वाट्याला सहा आली. एका यानात चार हजार माणसं, आणि प्रत्येक यानाची एकच खेप. परत यायचं इंधन त्यांच्यात नसायचंच.

आम्ही त्यांना गाडी म्हणायचो.

"तुमची गाडी कधीची?"

"तेवीसची. तुमची?"

सगळे असे बोलायचे, जणू सीबीएस स्टँडवरून एसटीने येवल्याला निघालेत.

◆

नोंदणीचं केंद्र आमच्याच भागातल्या मंगल कार्यालयात होतं. पहिल्या दिवशी आमच्यापुढे चाळीस माणसं. काउंटर नंबर एक. उभं राहावं लागलं, इलाज नव्हता.

काउंटरमागे जो बसला होता त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते. मध्येच ते गळ्यात उतरवायचा, तेव्हा दिसायचं — केसांत पट्टीची एक कायमची खाच पडली होती. शेतातल्या पायवाटेसारखी. चाळीस माणसं सरकेपर्यंत मी ती खाच पाहत होते... दुसरं पाहण्यासारखं काही नव्हतं.

पद्धत सोपी होती. पडद्यावर वाक्य यायचं : 'मी, अमुक अमुक, पृथ्वी सोडून जाते.' पुरुषांना 'जातो.' ते आपल्या आवाजात माइकमध्ये म्हणायचं. सही कुणीही कुणाच्याही हातून करून घेतं. आवाजावरून मात्र माणूस आपल्या मर्जीने निघालाय हे कळतं, असं त्या यंत्राचं म्हणणं. तीनदा वाक्य चुकलं की जागा यादीतल्या पुढच्याला.

ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना मराठी येत होतं. मराठी माणूस घरातून निघताना काय म्हणतो, तेवढं येत नव्हतं.

"काय बोलू?" आईने माइक दोन्ही हातांनी धरला.

"पडद्यावरचं वाचा, मावशी. शेवटी 'जाते' म्हणा."

"जाते?" आईने माइक खाली ठेवला. "भरल्या घरातनं निघताना जाते म्हणू? तुझी आई म्हणू द्यायची का रे तुला?"

"नाही," तो म्हणाला. "एकदा म्हणालो होतो, तर उंबऱ्यातून परत बोलावलं, पाणी प्यायला लावलं, मग सोडलं. पण काय आहे मावशी, यंत्राला आई नाही."

"जातं दळायचं असतं. बोलायचं नसतं." आईने पदर खोचला, माइक उचलला आणि नामपूरच्या बाजारात हाक मारावी तशी म्हणाली, "मी सिंधुबाई! पृथ्वी सोडीसन येस!"

टिंग. हिरवा दिवा.

तो पडद्याकडे बघतच राहिला. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळला. "येस?"

"अहिराणी आहे. येस म्हणजे येते."

"आणि त्यानं इंग्रजी ऐकलं. होकार धरला." तो इतका हसला की मागची रांगही कारण नसताना हसली. "तुमचं नाव? ...तेजस्विनी. छान. आता तुम्हीही म्हणून टाका, येस."

"कोणाला?"

"मला — म्हणजे यंत्राला."

त्याचे कान लाल झाले. घाईने त्याने ते हेडफोनखाली झाकले.

"पहिल्याच भेटीत मी कुणाला येस म्हणत नाही," मी म्हटलं आणि माइक जवळ घेतला. आई शेजारी उभी होती, डोळे वटारून. "मी, तेजस्विनी, पृथ्वी सोडून येते."

लाल दिवा. त्याने चिठ्ठी फाडून दिली. नमुना १ : अमान्य. आठ दिवसांनी पुन्हा यावे. खाली नोंद घेणाऱ्याची सही — जीवन.

"जीवन?" मला सकाळचा पेपर आठवला. "अहो, तुमच्याबद्दल आलंय पेपरात. पृथ्वीवर राहणार नाही म्हणे तुम्ही."

"हे म्हणणाऱ्या सकाळपासून एकविसाव्या आहात, मॅडम," तो म्हणाला. "पण वीस जणांना खाली मान घालून चिठ्ठ्या दिल्या. तुम्हाला वर बघून देतोय. बघा."

◆

नमुना २.

आठ दिवसांनी गेले तर वीज गेलेली. कार्यालयात शुकशुकाट. बाहेर भुरभुर पाऊस होता, पण मातीचा वास नव्हता. त्याची सवय लागत नाही. पाऊस पडला की नाक आपोआप वर होतं, आणि मग... काहीच नाही.

जीवन स्टेजवर लाल मखमलीच्या खुर्चीत बसून डबा खात होता.

"या. दुसरी खुर्ची रिकामीच आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून घास तसाच हातात धरून बसला.

"ही नवरीची आहे."

"मग मी तिकडे बसतो, तुम्ही नवरदेवाच्या खुर्चीत बसा. आहे काय त्यात."

बसले. त्याने अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. तो पूर्वी इथेच साउंड बघायचा. मंगलाष्टकांचा माइक, वरातीचे स्पीकर, आणि 'पाहुण्यांनी जेवून घ्यावे' हेही तोच सांगायचा. केंद्र आलं तेव्हा त्यालाच कामावर घेतलं. बाकी काही असो, आवाज त्याला कळत होता.

"तुम्ही 'येते' म्हणताना आधी श्वास आत घेता," तो म्हणाला. "'जाते' म्हणणारे बाहेर सोडतात. मी रोज तीनशे ऐकतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात? तुमची गाडी कितवी?"

"माझी?" त्याने ठेचा बोटाने सारखा केला. "पेपरवाल्यांचं काय ऐकता. पृथ्वीवर जीवन राहणारच."

मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला.

लॅपटॉपची बॅटरी थोडी शिल्लक होती. त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. उबदार होते. "हे सगळे अमान्य," तो म्हणाला. "पुसून टाका म्हणतात. मी ठेवलेत."

येतो. येतो बरं का. येते हं. येऊ मग? येतो, मंडळी. एक म्हातारा खोकला आणि म्हणाला, येतो रे बाबांनो. एका बाईने आधी कुणाला तरी विचारलं, गॅस बंद केलास ना? — आणि मग, येते. एकापाठोपाठ एक. सगळं इंदिरानगर दारात चपला घालत उभं आहे आणि कुणीच निघत नाहीये, असं ते ऐकू येत होतं.

माझे डोळे भरले. त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं, डब्याचं झाकण उगाच तीनदा लावलं.

वीज आली. मी माइकपुढे उभी राहिले. या वेळी आई नव्हती शेजारी, म्हणून वाटलं, उरकून टाकावं. "मी, तेजस्विनी, पृथ्वी सोडून जा..."

पुढचं अक्षर येईना. समोर तो होता.

लाल दिवा.

"एक विचारू?" चिठ्ठी देताना तो म्हणाला. "पहिल्या दिवशी चाळीस माणसांमागे उभ्या राहिलात. माझीच रांग का?"

"इलाज नव्हता," मी म्हटलं.

◆

मधल्या आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या.

पहिली. 'येतो'वाले लोक मागे मागे ढकलले जाऊन सगळे सहाव्या गाडीवर साचले. आईला पहिल्याच दिवशी हिरवा दिवा मिळाला होता, पण माझ्यासाठी तीही मागे थांबली. इतके अमान्य नमुने पाहून वरच्यांनी यंत्राला नवीन शब्द शिकवला. आता 'येते' म्हटलं तरी चालणार होतं. शेजारच्या भागीबाई पेढे घेऊन आल्या. पेढे पावडरीचे होते, पण पेढे होते.

दुसरी. मी कार्यालयाच्या मागच्या दाराने आत गेले आणि भिंतीवर एक यादी पाहिली. स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाईवाले, आवाज घेणारे. केंद्रावर काम करणारे आणि त्यांच्या घरचे मिळून बावीसशे माणसं. गाडी क्रमांक : सात.

'सात'वर लाल रेघ मारली होती. शेजारी लिहिलं होतं : रद्द.

नमुना ३.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

त्याला लगेच कळलं. "सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

"विनोद केला होतात तुम्ही!"

"मग? रडत सांगू?" तो हळू बोलत होता, मागे रांग होती. "दीड वर्षाचं धान्य आहे आम्हाला. काही कमी नाही. स्पीकर आहेत, लाल खुर्च्या आहेत..."

"आज वाक्य चुकलं तर माझी जागा यादीतल्या पुढच्याला जाते. ती तुम्हाला देता येईल?"

"मॅडम."

"देता येईल का, ते सांगा."

"नाही. आणि येत असती तरी मी घेतली नसती." त्याने पहिल्यांदाच हेडफोन पूर्ण बाजूला ठेवले. "नीट ऐका. जाते म्हणा. स्पष्ट. तो नवा शब्द कालच बसवलाय, त्याचा भरवसा नाही. ही तिसरी वेळ आहे. प्लीज... जाते म्हणा."

मी श्वास आत घेतला.

"मी, तेजस्विनी, पृथ्वी सोडून *येते*."

यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं. जीवनने डोळे मिटले होते. मग — टिंग.

मान्य. प्रकार : प-२.

"हे प-२ काय?" मी विचारलं.

"सकाळपासून सगळ्या 'येतो'वाल्यांना तेच येतंय. काय असेल ते असो," तो म्हणाला. चिठ्ठी देताना त्याची बोटं क्षणभर माझ्या बोटांवर राहिली. "मान्य आहे ना... बास."

◆

दोन दिवसांनी सूचना आली. आधीच्या पाच गाड्यांना माणशी वीस किलो सामान होतं. सहावीला सहा किलो. कारण विचारू नये.

आईने तरी विचारलं, तीन जणांना. मग बॅगेतून पितळी डबा काढला, पुन्हा घातला, लोकरीची शाल काढली, माझ्या लहानपणीचे फोटो पिशवीसकट काट्यावर ठेवले. "चौदा किलो कुठं गेलं ते तरी सांगा म्हणावं मेल्यांनी."

तेवीस तारखेला एसटीने आम्हाला सिन्नरकडच्या माळावर नेलं. गाडी इतकी उंच होती की मान दुखायची. आणि खाली, एका टेबलावर, माइक घेऊन तो.

"हॅलो... हॅलो... चेक. मागच्यांना येतंय का ऐकू? चपला, छत्र्या, म्हातारी माणसं बरोबर आहेत ना, एकदा बघून घ्या."

लोक हसत हसत चढत होते. माझ्या रांगेची पावलं टेबलापाशी आली तेव्हा त्याने माइकवर हात ठेवला.

काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. शेवटी तोंडून तेच निघालं, जे सगळ्यांच्या निघतं.

"येते हं."

या शब्दाला उत्तर ठरलेलं असतं. बाहेरच्याला 'या' म्हणतात. आपल्या माणसाला...

"ये," जीवन म्हणाला.

माइकवरचा हात सरकला होता. ते एक अक्षर अख्ख्या माळावर घुमलं.

◆

दुसऱ्या दिवशी आमच्या चालकबाईंनी गाडीतल्या सगळ्यांना विचारलं. बाई दूरच्या होत्या, मोडकं मराठी बोलत होत्या. "आपली गाडी जड आहे. टाकी बघितली. परत जायचं पण इंधन भरलंय. हे कोणी सांगितलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी यादी उघडली. चार हजारांपैकी तीन हजार नऊशे जणांपुढे लिहिलं होतं : प-२. त्यांनी मोठ्याने वाचलं, "परतीचा प्रवास. प्रवाशाने येतो असं सांगितलं आहे."

मग माझ्या लक्षात आलं. यंत्राला 'येते' शिकवलं, पण त्याने त्याचा अर्थ शब्दशः घेतला — हा माणूस परत येणार. मग कुठल्या तरी दुसऱ्या यंत्राने आमचं चौदा-चौदा किलो सामान कापून तेवढ्या वजनाचं इंधन भरलं. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्याला वाटलंच नसेल. माणसं स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

"मग? आम्ही काय खोटं बोललो का?" आई म्हणाली.

आधी भागीबाई हसल्या. मग हसणं गाडीभर पसरलं. मला मात्र हसू येईना, मी नुसती श्वास घेत होते. किती दिवसांनी पोटापर्यंत श्वास जात होता.

मोठ्या जहाजाशी लागलो, माणसं उतरली. रिकामी गाडी खाली पाठवायला वरच्यांनी फार वेळ लावला नाही. बावीसशे माणसं आणायची, उतरायचं इंधन गाडीत भरलेलं, पुन्हा चढायचं रद्द झालेल्या सातव्या गाडीचं खाली पडून, नाही म्हणायला कारणच नव्हतं. ज्या शहरांच्या गाड्या अजून उभ्या होत्या तिथे आता मुद्दाम प-२ लावायला सुरुवात झाली. खालचे आवाज घेणारे आता स्वतःच प्रवासी होते, म्हणून नोंदी घ्यायला वरून एक माणूस हवा होता, तेवढंच. चालकबाईंनी विचारलं, "कोण?"

"मी सांगूनच निघाले होते," मी म्हटलं.

आईने माझ्या हातावर साखर ठेवली. सहा किलोत तिने साखर आणली होती! "जाईसन ये," ती म्हणाली. जाऊन ये. त्या दोन शब्दांत जाणं फक्त येण्यापुरतंच असतं.

◆

माळावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. बावीसशे माणसं गठुडी घेऊन बसली होती. तो टेबलापाशी उभा होता. माइक चालू होता, आणि सगळ्या माळाला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सुरू करायचं?" मी विचारलं.

तीन दिवस नोंदी चालल्या. तो नावं पुकारायचा, मी आवाज घ्यायचे. सगळ्यात शेवटी त्याचा नंबर आला. मी हेडफोन घातले आणि पडद्यावर वाक्य आणलं.

"हे नको," तो म्हणाला. "यंत्राचं नको. तू विचार."

"काय विचारू?"

"ज्यासाठी एवढ्या लांबून आलीस, ते."

कानांत माझंच काळीज वाजत होतं. बरं होतं, की हेडफोन माझ्या कानांवर होते आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं... की येत असेल? रोज तीनशे ऐकायचा तो.

"येतोस?" मी म्हटलं.

जीवन माइककडे वाकला. आईच्या भाषेत म्हणाला की इंग्रजीत, ते मी अजून विचारलेलं नाही.

"येस."

टिंग.

पेपरात आलं होतं ते खरं ठरलं. पृथ्वीवर जीवन राहिला नाही. तो इथे माझ्या शेजारी बसलाय आणि आईशी वाद घालतोय, की नव्या घरी लाल मखमल कुठून आणायची.

पहिल्या दिवशी काउंटर नंबर दोनही उघडा होता. तिथे रांगेत कुणीच नव्हतं.